हातमोजा, अंधार आणि घाई

द्रासच्या पुढे आमची एक चौकी होती. नाव सांगत नाही, सांगायचं नसतं. चौकीवर मोबाईलचा सिग्नल नव्हता. परवानगीच्या वेळेत दीडशे पावलं खाली उतरून एका मोठ्या दगडापाशी उभं राहिलं की कसाबसा मिळायचा. पोरांनी त्या दगडाचं नावच 'एसटीडी' ठेवलं होतं.

जानेवारीतली एक संध्याकाळ. पारा उणे वीसच्या आसपास. आमचा एक नाईक, पौडी गढवालचा, त्या दगडापाशी उभा होता. मी सोबत होतो. त्याची बायको सकाळपासून इस्पितळात, पहिलं बाळंतपण, डॉक्टरांनी अवघड सांगितलेलं. भाऊ फोन करणार होता. फोन नवा कोरा, सुट्टीत हौसेनं घेतलेला, मोठ्या काचेचा.

फोन वाजला. त्यानं हातमोज्यासकट काचेवर बोट सरकवलं. काही नाही. पुन्हा सरकवलं. काही नाही. मग त्यानं दातांनी हातमोजा ओढला, आत दुसरा होता, तोही ओढला. तोवर फोन वाजायचा थांबला. बोटं पांढरी पडलेली. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं चक्क नाकानं काच सरकवली (हसू नका, बर्फात राहिलेले सगळे हे करतात) आणि त्याच क्षणी काच काळी झाली. बॅटरी अडतीस टक्के दाखवत होती. अडतीस टक्क्यांवर फोन बंद!

"साब, ये तो मर गया," तो म्हणाला.

माझ्या आतल्या खिशात जुना बटणांचा नोकिया होता. म्हटलं, हा घे, लाव भावाला. पण भावाचा नंबर पाठ कुणाला? तो त्या मेलेल्या फोनच्या पोटात. सिमकार्ड काढून माझ्या फोनमध्ये घालावं, तर त्याचा कप्पा उघडायला ती बारीक सुई लागते. ती कुठून आणायची? आणि मिळाली असती तरी त्याचं सिम नखाएवढं, माझ्या फोनची खाच जुन्या मापाची.

आम्ही परत वर चढलो. बुखारीजवळ बसून त्यानं फोन बनियनच्या आत छातीशी धरला. तो गरम व्हायला, चालू व्हायला, तसाच छातीशी धरून अंधारात पुन्हा खाली उतरायला दोन तास गेले. बातमी चांगली होती. मुलगी झाली होती, आई ठीक होती. पण ते दोन तास तो एक शब्द बोलला नाही. मी त्याच्या शेजारी बसून होतो आणि त्या सुंदर, चकचकीत काचेकडे बघत होतो.

त्या रात्रीपासून कुठलंही नवं यंत्र हातात घेतलं की मी त्याला तीन प्रश्न विचारतो. हातमोजा घालून चालतं का? अंधारात, न बघता चालतं का? आणि घाईत, घाबरलेल्या माणसाला चालतं का?

मित्रहो, मी यंत्रांचा शत्रू नाही. उलट आहे. मी ईएमईचा माणूस. फौजेच्या गाड्या, तोफा, रेडिओ सेट दुरुस्त करणारी ही आमची कोअर, 'कर्म हि धर्म' हे तिचं ब्रीद. सव्वीस वर्षं तेच केलं. त्याआधी साताऱ्याकडच्या आमच्या गावात, वडिलांनी कॅन्टीनमधून आणलेला ट्रान्झिस्टर दहाव्या वर्षी उघडून ठेवला होता आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता. त्याच ट्रान्झिस्टरवर संध्याकाळी विविध भारतीचं 'जयमाला' लागायचं, फौजी भावांसाठी. आई कान देऊन बसायची, जणू पुढचं नाव वडिलांचंच येणार.

प्रत्येक फौजीकडे एक काळी ट्रंक असते. कपडे, कागद, देवाचा फोटो. माझ्याकडे दोन होत्या. दुसरीत रिटायर झालेली यंत्रं: एचएमटीचं चावीचं घड्याळ, दोन वॉकमन, तीन कॅल्क्युलेटर, पाच-सहा फोन, न मोजता येण्याइतके चार्जर. दर बदलीला ती ट्रंक ट्रकमध्ये चढवताना पोरं म्हणायची, "कबाडी साब का खजाना आ गया." जोधपूर, तेजपूर, लेह, बबिना, सगळीकडे ती फिरली. म्हणून जे लिहितो आहे ते यंत्रांच्या रागातून नाही. प्रेमात पडलेल्या माणसाची ही तक्रार आहे.

आधी हातमोज्याचं बघू. आजच्या फोनची काच बोटाचा दाब ओळखत नाही. आपलं शरीर वीज वाहून नेतं, त्यामुळे बोट टेकलं की काचेखालच्या विद्युतभारात फरक पडतो, आणि तो फरक ती ओळखते. मध्ये जाड लोकर आली की तिच्या लेखी तिथे कुणी नाहीच. त्याआधीच्या काही पडद्यांना दाब कळायचा. ते कमी सुंदर होते, पण काडीनंही चालायचे, हातमोज्यानंही.

थंडीत बॅटरीचंही तसंच. लिथियम-आयन बॅटरीतला द्रव गारठला की त्यातून विजेचे कण सरकायला जड जातात. बॅटरीत माल असतो, पण मागितल्या क्षणी देता येत नाही. दाब एकदम पडतो आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. अडतीस टक्के खोटे नव्हते, ते अडकलेले होते. आणि अशी गारठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावली तर आत लिथियमचा धातू साचतो आणि ती कायमची अधू होते. म्हणून डोंगरात जाणाऱ्या पोरांना मी आजही सांगतो: फोन आतल्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, आणि चार्जिंग आधी ऊब देऊन मगच.

हे काही गुपित नाही. ॲपलच्या स्वतःच्या माहितीपत्रकात आयफोन वापरायचं तापमान ० ते ३५ अंश दिलेलं असतं. आता बघा, उणे वीसचं द्रास सोडून द्या, मे महिन्यातलं जोधपूर सोडून द्या, आपलं नागपूर-चंद्रपूरसुद्धा त्या मापात बसत नाही. ज्या खोलीत तो फोन आखला गेला त्या खोलीचं ते तापमान आहे. चूक फोनची नाही. तो कुणासाठी बनवला हे विचारायचं असतं.

दुसरा प्रश्न अंधाराचा. इथे एक जुनी लष्करी गोष्ट सांगितलीच पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं बी-१७ हे बॉम्बफेकी विमान सुखरूप उतरायचं आणि धावपट्टीवर आल्यावर वैमानिक पंखाचे फ्लॅप मिटण्याऐवजी चाकंच मिटायचे. विमान पोटावर बसायचं. वैमानिकांना दोष दिला जात होता. अल्फोन्स चॅपनिस नावाचा एक तरुण मानसशास्त्रज्ञ सैन्यात लेफ्टनंट होता. त्यानं कॉकपिट बघितलं. दोन्ही कळी शेजारी शेजारी, दिसायला सारख्या, हाताला सारख्या. त्यानं काय केलं? चाकांच्या कळीवर रबराचं छोटं चाक बसवलं, फ्लॅपच्या कळीवर पाचरीच्या आकाराचा तुकडा. हाताला कळायला लागलं की आपण काय धरलं आहे. तो प्रकार थांबला. आजही विमानांत चाकांची कळ चाकाच्या आकाराची असते.

मला यातली खरी शिकवण ही वाटते: माणूस थकलेला, घाबरलेला असणारच, हे धरून यंत्र बनवायचं असतं. 'नीट लक्ष दे' असं माणसाला सांगणं सोपं असतं. यंत्राला शहाणं करणं अवघड, पण तेच काम आहे.

आणि ही शिकवण विसरली की काय होतं, त्याचीही गोष्ट आहे. २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली. दहा नौसैनिक गेले. जहाजाच्या सुकाणूवर आणि वेगावर टचस्क्रीननं ताबा ठेवला जात होता. गर्दीच्या समुद्रात, पहाटे, सुकाणूवरच्या माणसावरचा भार कमी करावा म्हणून वेगाचं काम शेजारच्या जागेवर द्यायचं ठरलं. ते देताना चुकून सुकाणूही तिकडे गेलं. सुकाणू हातातून गेलं असं सगळ्यांना वाटलं. दोन इंजिनांच्या वेगाची जोडणी सुटलेली होती, म्हणून वेग कमी केला तो एकाच बाजूचा, आणि जहाज वळून थेट टँकरच्या वाटेत गेलं. २०१९ मध्ये चौकशीचा अहवाल आला. प्रशिक्षण कमी होतं, हे त्यात होतंच. पण पडद्याची रचनाही होती. त्यानंतर त्या नौदलानं अशा जहाजांवर वेगासाठी पुन्हा हातानं ढकलायच्या खऱ्या दांड्या बसवायचं ठरवलं.

दांडी हातात असली की ती कुठे आहे हे न बघता कळतं. दोन दांड्या मागेपुढे झाल्या तर तळव्याला कळतं. काचेवर सगळं सपाट. काचेला डोळे लागतात, आणि संकटात डोळे दुसरीकडे हवे असतात.

आता हीच काच मोटारींत आली आहे. काही गाड्यांत एसी कमी करायला पडद्यावर तीन ठिकाणी बोट लावावं लागतं. ताशी ऐंशीच्या वेगानं खंबाटकी घाट उतरताना! सुदैवानं वारं फिरतं आहे. गाड्यांची सुरक्षा तपासणारी युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि मदतीची हाक या गोष्टींना खरी बटणं असावीत अशी अपेक्षा गुण देताना धरते. म्हणजे जे आपल्या जुन्या जीपमध्ये होतं ते आता नव्यानं शोधलं जात आहे. असो. उशिरा का होईना.

तिसरा मुद्दा बॅटरीचा, आणि तो आम्हा दुरुस्तीवाल्यांच्या जिव्हाळ्याचा.

नोकिया ११०० आठवतो ना? २००३ मध्ये आला. पंचवीस कोटींवर विकला गेला. कॅमेरा नाही, रंग नाही. पण वर बॅटरी दिवा होता, बटणांवर सलग रबर होतं म्हणून धूळ आत जायची नाही, घामेजल्या हातातून सटकायचा नाही. पश्चिम सीमेवरच्या वाळूत माझ्या हातातले महागडे फोन शिंकत पडले, हा बहाद्दर चालत राहिला. आपल्यासारख्या देशांत धूळ असते आणि लाईट जाते, हे कुणीतरी आधी बघितलं होतं आणि मग तो बनवला होता. त्याची बॅटरी होती बीएल-५सी. ती इतकी पसरली की आजही बाजारातल्या छोट्या रेडिओत, स्पीकरमध्ये तीच असते. तालुक्याच्या गावात कुठल्याही मोबाईलच्या दुकानात मिळते. फोन गेला, कंपनीचा तो धंदा गेला, बॅटरीचं माप राहिलं.

ऑगस्ट २००७ मध्ये त्याच बीएल-५सी बॅटरीबद्दल बातमी आली. एका ठरावीक काळात बनलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर तापू शकतात, असं कंपनीनं जाहीर केलं. बॅरेकमध्ये एकच गोंधळ. कुणी म्हणे फोनचा बॉम्ब होतो. संध्याकाळी सगळे चारपाईवर फोन उघडून बसलेले, बॅटरी काढून पाठीवरचा लांबलचक नंबर वाचतायत, एकजण वही घेऊन लिहून घेतोय. आमच्यातल्या एकाचीही बॅटरी त्या यादीत निघाली नाही. पण निघाली असती तरी काय, बॅटरी काढायची, कंपनी दुसरी देणार, फोन आपलाच.

नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. या वेळी बॅटरी आत चिकटवलेली. म्हणजे अख्खा फोन परत. बदलून दिलेलेही पेटू लागले, विमानात तो न्यायला बंदी झाली आणि शेवटी ते मॉडेलच बंद करावं लागलं. दोष दोन्ही वेळा बॅटरीतच होता. एकदा ती निघत होती, एकदा निघत नव्हती. फरक तेवढाच.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर लबाडी होईल. चिकटवलेल्या फोनचा एक मोठा फायदा मी डोळ्यांनी बघितला आहे. अरुणाचलच्या पावसात जुन्या फोनच्या पाठीतून ओल शिरायची, आत हिरवट बुरशी धरायची. सहा महिन्यांत संपला. पुढे बंद पाठीचे फोन आले, ते नाल्यात पडूनही वाचले. तेव्हा कंपन्या म्हणतात, पाणी रोखायचं तर बॅटरी बंदच हवी. अर्धं खरं आहे. आमचे फौजी रेडिओ सेट पावसात भिजतात आणि त्यांची बॅटरी जवान अंधारात बदलतो. रबराची कडी आणि घट्ट खटका, एवढीच जादू आहे. आणि ज्या सॅमसंगचं वर नाव घेतलं, तिचाच २०२२ चा एक्सकव्हर ६ प्रो पाण्यात टिकतो आणि त्याची बॅटरी नखानं निघते. जमतं. थोडा जाड होतो एवढंच. फोन कागदासारखा पातळ हवा असं मी कधी म्हणालो नव्हतो. तुम्ही म्हणाला होतात का?

युरोपनं याबद्दल कायदाच केला आहे. फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. सगळ्या फोनना एकच टाईप-सी चार्जर, हा नियम तिथे २०२४ च्या डिसेंबरअखेर लागू झाला. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर 'ही किती दुरुस्त होते' याचे गुण छापावे लागतात. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. सुरुवात चांगली आहे. पण मला हवं ते साधं आहे: दुकानात फोनच्या खोक्यावर मेगापिक्सेलच्या शेजारी ठळक लिहा, बॅटरी बदलायला किती रुपये आणि किती वेळ.

आता कुणी म्हणेल, "साहेब, तुम्ही जुन्याचे भक्त." नाही हो. माझ्या ट्रंकेतलं एचएमटी घड्याळ बघा. १९६१ मध्ये बंगळूरला या घड्याळांचा कारखाना सुरू झाला. माझ्या वडिलांच्या पिढीच्या प्रत्येक मनगटावर ते होतं. पण रोज चावी द्यायला लागायची, मिनिट-दोन मिनिटं पुढेमागे व्हायचं. टायटननं १९८७ पासून क्वार्ट्झ घड्याळं दुकानांत मांडली आणि बाजार फिरला. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली तेव्हा आपण सगळे हळहळलो. पण हळहळणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी आधीच्या वीस वर्षांत एचएमटी विकत घेतलं होतं? आठवणीवर कारखाना चालत नाही. नवं जे खरोखर चांगलं असतं ते घ्यावंच.

मग खरोखर चांगलं नवं कोणतं? माझी व्याख्या सोपी आहे. जे आल्यावर माणसाचा एक त्रास कायमचा जातो ते नवं. बाकी नवा रंग.

एलईडी दिवा घ्या. पूर्वी रात्रीच्या गस्तीत तीन सेलचा टॉर्च असायचा, जड, पिवळा, आणि ऐन वेळी बल्ब उडायचा. निळा एलईडी साधल्यावर पांढरा उजेड शक्य झाला आणि बोटाएवढा दिवा रात्र काढू लागला. त्या निळ्या एलईडीला २०१४ चं नोबेल मिळालं. माझ्या मते नोबेल कमीच पडलं.

किंवा निन्टेन्डोचा गेम बॉय घ्या, १९८९ चा. बनवणारे गुनपेई योकोई. त्यांचं तत्त्व असं होतं की नवीकोरी महाग तंत्रं घेण्यापेक्षा जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, पूर्ण समजलेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा कुणाला न सुचलेला उपयोग करावा. प्रतिस्पर्धी सेगाच्या गेम गियरचा पडदा रंगीत आणि उजळ होता, पण सहा सेल काही तासांत खायचा. गेम बॉयचा पडदा हिरवट, मळका, पण चार सेलवर कितीतरी जास्त चालायचा. जिंकला तोच. आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात जळालेला एका अमेरिकन सैनिकाचा गेम बॉय निन्टेन्डोच्या न्यूयॉर्कच्या दुकानात कित्येक वर्षं मांडलेला होता. बाहेरचं प्लास्टिक वितळलेलं, आणि आत खेळ चालू!

आणि आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर भाजीवाल्या मावशींच्या गाडीवरचा तो बोलणारा डबा. यूपीआय २०१६ मध्ये आलं. पण गिऱ्हाईकानं पैसे खरंच पाठवले की नुसता पडदा दाखवला, हे बघायला मावशींना ओला हात पुसून, चष्मा लावून फोन बघावा लागायचा. त्या डब्यानं मराठीत "पन्नास रुपये मिळाले" असं मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली आणि प्रश्न संपला. हात मोकळे, डोळे मोकळे, वाचता आलं नाही तरी चालतं. माझ्या तिन्ही परीक्षांत तो डबा पहिला नंबर काढतो. त्याला कुठलं डिझाईनचं बक्षीस मिळालं का माहीत नाही, माझ्याकडून कडक सॅल्यूट.

आता जे सगळ्यात जास्त बोचतं ते. आमच्या गावात एक निवृत्त हवालदार आहेत. मी त्यांना नाना म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. १९७१ च्या लढाईत होते. रायफल डोळे बांधून खोलायचे आणि जोडायचे. मागच्या वर्षी एका सरकारी कामासाठी मशीनवर अंगठा लावायचा होता. आयुष्यभर आधी बंदूक, मग नांगर धरलेला तो अंगठा. रेषाच उरल्या नाहीत. मशीन लाल दिवा दाखवत राहिलं. मागे रांगेतला पोरगा म्हणाला, "आजोबा, नीट दाबा ना." नाना शरमले. मला म्हणाले, "अरे, मला जमत नाही बघ आता."

नानांना जमत नव्हतं असं नाही, मशीनला जमत नव्हतं. पण शरम कुणाला वाटली? नानांना. चॅपनिसच्या आधी वैमानिकांनाही अशीच वाटली असेल. काम झालं ते दुसऱ्या ठिकाणी, चेहऱ्याच्या फोटोवर, दोन मिनिटांत. म्हणजे दुसरी वाट होती. ती रांगेतल्या मशीनवर कुणी ठेवली नव्हती, एवढंच.

तसंच फोनमधल्या ॲपचं. नानांना नातवानं व्हिडिओ कॉल शिकवला. हिरवं चिन्ह, उजवीकडे वर. नानांनी पाठ केलं. दोन महिन्यांनी ॲप आपोआप बदललं आणि ते चिन्ह हललं. नानांचा फोन बंद पडला नव्हता, पण नानांपुरता बंदच. फौजेत आम्ही रायफलचा घोडा दर सहा महिन्यांनी दुसऱ्या बाजूला बसवत नाही. का? कारण हाताला झालेली सवय हा शस्त्राचाच भाग असतो. ती मोडली की शस्त्र मोडलं. जे कोट्यवधी हातांना सवयीचं झालं आहे ते हलवण्याआधी ऐंशी वर्षांच्या एका माणसासमोर बसा, एवढंच माझं मागणं आहे.

पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत आपली हजारो मराठी पोरं हीच यंत्रं आखतात. त्यांत आमच्या फौजी घरांतलीही खूप आहेत. त्यांना एका म्हाताऱ्या क्राफ्ट्समनची विनंती: तुमचं यंत्र एसीच्या खोलीत चालतं हे मला माहीत आहे. ते आता हातमोजा घालून चालवा. दिवा घालवून चालवा. आणि मग चार मजले धावत चढून, धापा टाकत चालवा. तेवढ्यात पास झालं तर बाजारात आणा.

आणि माझ्या निवृत्त भावांना सांगणं: दुकानात गेलात की लाजू नका. विचारा की बॅटरी गेली तर काय, काच फुटली तर किती, सिम न सुईचं निघतं का. चार महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. कागदाला चार्जिंग लागत नाही. आणि एखादं यंत्र जमलं नाही तर "मला जमत नाही" असं म्हणू नका. म्हणा, "याला मी जमत नाही."

तो नाईक आता हवालदार झाला आहे. परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या मुलीनं शाळेत रंगवलेलं चित्र तिनं मला दाखवलं: बर्फाचा डोंगर, एक मोठा दगड, आणि दगडापाशी फोन कानाला लावलेला माणूस. बापानं गोष्ट सांगितली असणार. काचेचा तोच प्रकारचा फोन, आणि त्याच्याच कृपेनं मी साताऱ्यात बसून गढवालमधली ती पोर बघत होतो. हे ऋण मी नाकारत नाही.

फक्त चित्रात तिनं बाबाच्या हातात हातमोजे काढले आहेत, आणि फोन चालू आहे. तेवढं एकदा खरं झालं की मी ती दुसरी ट्रंक बंद करीन.

जय हिंद.